सांगली-साताऱ्याच्या उन्हात छोटा समुद्री टँक : आधी गारवा, मग मीठ, मासा सगळ्यात शेवटी

सांगलीत खाऱ्या पाण्याचा टँक टिकतो का, असं विचारणाऱ्या बहुतेकांना मिठाचंच टेन्शन असतं. मीठ सोपं आहे हो, विकत मिळतं, वजन करून टाकलं की झालं. आपल्याकडं खरी मारामारी उन्हाशी, एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या आसपास, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि त्याच खोलीत ६० लिटर पाणी २५ डिग्रीवर धरून ठेवायचं. साताऱ्यात थोडं सुसह्य, पण फार फरक नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं गारव्याच्या हिशोबानं, दुकानात जाऊन आधी मासा बघायचा आणि मग टँक घ्यायचा ही पद्धत इथं चालत नाही.

आता एक गोष्ट आधी क्लिअर करून टाकू. परदेशातले व्हिडिओ बघून काही जणांना अगदी थंड समुद्राचा टँक करायचा असतो, म्हणजे इंग्लंड किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासारखा, पाणी १२ ते १८ डिग्री. करता येतो, पण त्याला कॉम्प्रेसरवाला चिलर बारा महिने लागतो, आणि तो चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच सोडतो, म्हणजे त्याला मोकळी हवा मिळाली नाही तर खोली तापते आणि तो आणखी जोरात चालतो. वर पावसाळ्यात आपल्या दमट हवेत १५ डिग्रीच्या काचेला बाहेरून असं पाणी सुटतं की खालचं प्लाय फुगून जातं, त्याला डबल काच किंवा तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावावं लागतं. आणि एवढं करून त्यात सोडायला थंड पाण्याचे जीव आपल्याकडच्या दुकानात कुठं मिळतात? पाचगणी-महाबळेश्वरला घर असेल तर विचार करा, नाहीतर माझं स्पष्ट मत, तो नाद सोडा आणि २४ ते २६ डिग्रीचा, उबदार समुद्राचा टँक करा. उन्हाळा सोडला तर तो जवळजवळ आपोआप त्या तापमानात राहतो, थंडीत उलट छोटा हीटर लागतो.

साईझ दोन फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. काठोकाठ भरला तर ७० लिटरच्या आत-बाहेर, वाळू-दगड धरून आणि वर दोन बोटं जागा सोडून ६० लिटर पाणी बसतं. याच्यापेक्षा छोटा घेऊ नका, पाणी जेवढं कमी तेवढं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं. गावातला कुठलाही चांगला काचवाला ८ एमएम मध्ये करून देतो, फक्त सिलिकॉन अँटी-फंगस नको, बाथरूमचं तर नकोच, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. भरल्यावर वजन ९०-१०० किलोपर्यंत जातं. लोखंडी स्टँड घेतला तर मिठाच्या पाण्याचे शिंतोडे आणि वर चढणारी मिठाची पापडी यानं तो गंजत जाणार, त्यापेक्षा विटांच्या दोन भिंती आणि वर कडप्पा, त्यावर थर्माकोलचा शीट, लेव्हल बाटली लावून बघायची, संपला विषय.

जागेचं मात्र सांगलीकरांना कोडं आहे. गार जागा म्हणजे तळमजला, उत्तरेची भिंत, ऊन न येणारी खोली. पण नदीकाठच्या भागात राहत असाल तर तळमजल्यावर कुठं ठेवता? २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर आपण बघितलेत, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. पूररेषेतल्यांनी पहिल्या मजल्यावरच ठेवायचा, वर गच्ची नाही तर दुसरा मजला आहे अशी खोली बघायची आणि पश्चिमेची भिंत टाळायची, कारण ती संध्याकाळी तापलेली असते आणि रात्रभर गरम फेकत बसते. साताऱ्यात जुन्या वाड्यात जाड मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही.

आता गारवा. ३० डिग्रीला काय होतं की पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, समुद्राच्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ६.२, आणि बरोबर त्याच वेळी माशाचं शरीर जोरात चालत असल्यामुळं त्याला ऑक्सिजन जास्त हवा असतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी मासा वरती येऊन तोंड उघडझाप करत असेल तर ते भुकेचं लक्षण नाही, खायला टाकू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फॅन. काँप्युटरचा १२ व्होल्टचा छोटा फॅन, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारेल असा क्लिपनं बसवायचा, आणि वरचं झाकण काढून जाळी लावायची (मासे उडी मारतात, जाळी पाहिजेच). माठातलं पाणी गार होतं तोच प्रकार. एक लिटर पाण्याची वाफ होताना इतकी उष्णता निघून जाते की हिशोबानं ६० लिटर पाणी ९-१० डिग्रीनं उतरलं पाहिजे, पण खोलीतून उष्णता परत शिरत राहते म्हणून हातात दोन ते चार डिग्री पडतात. आणि आपलं नशीब असं की हवा सगळ्यात कोरडी असते ती मार्च-एप्रिलमध्येच, म्हणजे फॅनची गरज असते तेव्हाच तो भारी चालतो. जुलैत दमट हवेत तो काही खास करत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

फॅननं भागलं नाही तर फ्रीझरमध्ये एक लिटरच्या बाटल्या भरून ठेवा, बंद झाकणाची बाटली तशीच टँकमध्ये तरंगत सोडायची, बर्फ उघडा टाकायचा नाही. एक बाटली ६० लिटरला दीड ते पावणेदोन डिग्री उतरवते. दोन-तीन एकदम टाकू नका, दिवसात दोन डिग्रीपेक्षा जास्त वर-खाली झालं की तोच मोठा धक्का असतो, त्यापेक्षा २७ वर स्थिर असलेलं पाणी बरं. ज्यांना दिवसभर घरी कोणी नसतं त्यांनी सरळ १/१० एचपीचा चिलर घ्यावा. छोटे पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नसलेले, विजेच्या चिपवर गार करणारे) चिलर ऑनलाईन स्वस्तात दिसतात, ४० डिग्रीच्या दुपारी त्यांच्याकडून काही होत नाही. लाईटही टाइमरवर संध्याकाळी लावा, सहा-सात तास बास, दुपारच्या उन्हात वरनं एलईडीची गरमी कशाला आणखी.

फॅनचा एक हिशोब मात्र डोक्यात फिट बसवा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. ६० लिटर पाणी ३५ पीपीटीवर (म्हणजे हजार भागात ३५ भाग मीठ) आहे आणि फॅनमुळं तीन दिवसात ६ लिटर उडालं तर खारटपणा जातो ३९ च्या जवळ, आणि टँक वरून एकदम झकास दिसत असतो. म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत साधं गोडं आरओचं पाणी घालायचं. खारं नाही, गोडं. ही एक गोष्ट उलटी करणारे लोक लय आहेत.

पाण्याबद्दल. बोअरचं पाणी नको, एक तर ते जड असतं आणि उसाच्या पट्ट्यात खताचा नायट्रेट बोअरला उतरलेला असू शकतो, त्याच्यावर शेवाळ मस्त पोसतं. आरओचं घ्या, पण आपलं आरओ कुठलं आहे ते बघून. आजकाल घराघरात कॉपरवाले आरओ आलेत, पाण्यात तांबं सोडणारे. माणसाला ते ठीक असेल, पण कोळंबी, खेकडे, गोगलगाई यांना तांबं म्हणजे थेट विष, अगदी थोडंसं सुद्धा. तसंच टँकचं पाणी तांब्याच्या हंड्यात, घागरीत साठवायचं नाही, पितळी तोटीखाली धरून ठेवायचं नाही. आरओला मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असेल तर ते पाणीही नको, सर्व्हिसवाल्याला सांगून मेंब्रेननंतरच्या पाण्याला एक वेगळा नळ काढून घ्या. टीडीएस मीटर स्वस्त असतो, दहाच्या आत आलं की छान. विकतचा २० लिटरचा जार आणणार असाल तर तोही मोजूनच.

तांब्यावरनं आठवलं, तासगावकडची मंडळी, द्राक्षबागेत बोर्डो मारून आलात तर त्यात मोरचूद असतो आणि मोरचूद म्हणजे तांबंच. नुसते हात धुऊन टँकमध्ये घालू नका, त्या दिवशी हातच घालू नका. आणि डासांचं औषध. कॉइल, भिंतीतलं लिक्विड, स्प्रे, यातलं बहुतेक औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं, माशांना आणि कोळंबीला ते फार वाईट, आणि एअरपंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. घरातल्यांना एकदा नीट सांगून ठेवा की त्या खोलीत मच्छरदाणी, बाकी काही नाही.

मीठ. किराणा दुकानातलं खडा मीठ चालतं का? नाही. मिठागरात पाणी आटवताना साधं मीठ आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियम वगैरे बरंचसं वरच्या कडू पाण्यात राहून जातं, म्हणजे खडा मीठ समुद्रातून आलं तरी ते परत विरघळवून समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं, ते सगळं पाहिजे, म्हणून मरीन सॉल्ट मिक्सच घ्यायचं, पुण्या-मुंबईच्या दुकानातून किंवा ऑनलाईन. लिटरला साधारण ३७ ग्रॅम, ६० लिटरला सव्वादोन किलो. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आधी पाणी, मग पंप चालू करून थोडं थोडं मीठ, उलटं करायचं नाही, मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. एक रात्र फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबभर पाण्यावर खारटपणा दाखवणारं यंत्र) बघा, ३५ पीपीटी किंवा घनतेच्या काट्यावर १.०२५-१.०२६. काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर स्वस्त मिळतो पण त्याच्यावर एक बुडबुडा बसला तरी आकडा बदलतो, घेऊ नका.

गणपतीपुळ्याला जातोच आहे तर समुद्राचंच पाणी आणू का, हा प्रश्न हमखास येतो. डिसेंबर ते एप्रिलमध्ये, भरतीच्या वेळी, खाडी आणि जेटीपासून लांब, कातळाच्या टोकावरनं घेतलं तर चालू शकतं. पावसाळ्यात नाही, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी नद्यांनी गोडं आणि गढूळ झालेलं असतं. पण ६० लिटर म्हणजे ६० किलोच्या वर वजन, घाटात गाडीत कॅन हिंदकळत आणायचे आणि पुढं दर आठवड्याला बदलायला परत ६ लिटर लागणारच. मी तरी मिठाची पिशवीच सुचवीन.

दगड-वाळू लवकर आटपतो. अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियमयुक्त, समुद्री टँकसाठी मिळणारी) वाळू, चार-पाच किलो. कृष्णेची वाळू नको. जांभा दगड नको, त्यात लोह भरपूर आणि झिजून पाणी लाल करतो. सुका कृत्रिम रीफ रॉक किंवा सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, पाच-सहा किलो घ्या. "ओरिजिनल कोरल आहे साहेब" म्हणून कोणी पांढरं प्रवाळ विकत असेल तर हात लावू नका. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, नुसते घरात बाळगले तरी गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथनं शंख सुद्धा खिशात घालून आणू नका.

पंप म्हणजे ८००-१००० लिटर प्रतितासाचा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एक मागे अडकवायचा फिल्टर, एवढ्या टँकला पुरे, प्रोटीन स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) नसला तरी दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल तर चालतं. वायरिंगला मात्र काटकसर नको. खारं पाणी वीज जोरात नेतं, तर आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवलेली लाईन घ्या, बोर्ड टँकच्या खाली नाही, बाजूला उंचावर, आणि प्रत्येक वायर बोर्डात जायच्या आधी खाली झोका घेऊन वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोक्यावरनं खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. हात घालताना स्विच बंद.

टँक उभा राहिला, पाणी भरलं, लाईट लावली, दिसायला भारी, आणि आता जो भाग लोकांना जमत नाही तो, थांबणे. माशाच्या विष्ठेतनं अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जेवढा वर तेवढा अमोनिया जास्त विषारी, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकमध्ये जे खपून जातं ते इथं खपत नाही. हे जिवाणू तयार करण्याला सायकल म्हणतात, मासा टाकून सायकल करायची गरज नाही, अमोनिया आपणच घालायचा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड, पण बाजारातल्या खड्यात काय मिसळलंय याचा भरोसा नाही, लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. ४ ग्रॅम १०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवा, त्यातलं १० मिली सिरिंजनं टँकमध्ये, झाला साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया. मग टेस्ट किटनं दोन-तीन दिवसाआड बघत राहायचं. अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. अमोनिया संपला की परत १० मिली. ज्या दिवशी घातलेला अमोनिया चोवीस तासात शून्य आणि नायट्राइटही शून्य, त्या दिवशी टँक तयार. मधे काचेवर तपकिरी थर येतो, त्याला घाबरून सगळं धुवायला काढू नका, येतो आणि जातो.

तयार झाल्यावर एक मोठा पाणीबदल, अर्धं पाणी, म्हणजे साठलेला नायट्रेट जातो. मग आधी तीन-चार गोगलगाई आणि एक-दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे तो दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा. त्याच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख तळाला टाकून ठेवा, नाहीतर तो गोगलगाईचं घर बळकावतो. दोन-तीन आठवडे हे नीट राहिले तर मासे, आणि मासे दोनच. क्लाउनची जोडी किंवा एक गोबी आणि एक ब्लेनी. क्लाउनची पैदास आपल्याकडं हॅचरीत होते, सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्याचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा दुकानदाराला विचारून हॅचरीतलाच घ्या, तो टँकलाही सरावलेला असतो आणि समुद्रातनं कोणी ओढून आणलेला नसतो. निळा टँग, तो डोरीवाला, दोन फुटात कधीच नाही, तो फूटभर होतो. डॅमसेल स्वस्त मिळतो पण भांडकुदळ, नंतर त्याला बाहेर काढायचं म्हणजे सगळे दगड उपसायचे.

नवीन जीव पिशवीतनं थेट पाण्यात सोडायचा नाही. पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवा, मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत, आणि टँकमधनं थेंब थेंब पाणी बादलीत. याला सलाईनचा नवा सेट एक नंबर, चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब लावायचे आणि तासभर विसरून जायचं. मिरजेजवळ राहणाऱ्यांना सलाईनचा सेट कुठं मिळेल हे सांगायला नको. शेवटी मासा जाळीनं उचलून टँकमध्ये, बादलीतलं पाणी फेकून द्या.

फेकण्यावरनं आठवलं, बदललेलं खारं पाणी कुंडीत, परसात, तुळशीत ओतू नका. आपल्याकडं वाळवा-मिरजेच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीनं काय केलंय ते सगळ्यांना माहितीय, हे पाणी सरळ संडासात किंवा ड्रेनेजला.

लाईट गेली तर फिल्टर नाही, आधी हालचाल महत्त्वाची. बॅटरीवरचा एअरपंप घरात असू दे, इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर घ्या. उन्हाळ्यात चार-सहा तास गेली तर बाटलीचा बर्फ आणि एअरपंप, खायला काही टाकायचं नाही. फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर लाईट आल्यावर त्यातलं साठलेलं पाणी आधी ओतून द्या आणि मगच चालू करा.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटात संपेल एवढंच. बाजारातली ताजी कोळंबी धुऊन, बारीक चिरून, छोट्या पुड्या करून फ्रीझ केलेली चालते, चिमूटभर पुरते.

सुट्टीत चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर शेजारच्या काकूंना माशाचं खाणं देऊन जाऊ नका, मोठा मासा तेवढे दिवस उपाशी आरामात राहतो आणि काकू मायेनं अर्धा डबा ओततील. त्यांच्याकडं फक्त आरओच्या भरलेल्या बाटल्या द्या, रोज काचेवरच्या रेघेपर्यंत ओतायच्या, आणि फॅन बंद करू नका असं चिठ्ठीवर लिहून स्विचच्या शेजारी चिकटवा.